घरचा पहारेकरी



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीने आणि गावच्या वाचनालयाने केले. अशा माणसाने या विषयावर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण कचेरीत पगाराची भांडणे येतात तशी घरचीही येतात. आमच्या एका सभासदाने दोन मुलांनंतर नसबंदी करून घेतली होती. पुढे थोरला मुलगा गेला, म्हणून नळी पुन्हा जोडून घेतली. चार वर्षे झाली, मूल नाही. बोल लागले बायकोला! दोन मुलांची आई, आणि तीच वांझ ठरली.

तेव्हापासून आम्ही पुस्तके धुंडाळली. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होतात. आपला कोण, परका कोण हे शरीराचा पहारेकरी त्याच्या कितीतरी आधी शिकून बसलेला असतो. म्हणून निसर्गाने वृषणात पेशींची भिंत घालून त्यांना आडोशाला ठेवले आहे. मार लागला, रोग झाला, किंवा नसबंदीनंतर कोंडलेले शुक्रजंतू बाहेर झिरपले, की पहारेकरी घरच्यालाच चोर समजतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतो. नसबंदी झालेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत ती सापडतात. लांडस्टायनर व मेचनिकॉफ यांनी १८९९ साली प्राण्यांत ही गोष्ट दाखवली. अपत्यहीन पुरुषांत ती असल्याचे रूम्के आणि विल्सन यांनी सांगितले ते १९५४ साली. मधली पंचावन्न वर्षे दोष कोणाच्या पदरात पडला, हे आम्ही सांगायला नको.

ही प्रतिद्रव्ये शुक्रजंतूच्या अंगावरील प्रथिनांना चिकटतात. मग जंतू एकमेकांत गुंततात, गर्भाशयमुखाच्या चिकट द्रवात जागच्या जागी थरथरत राहतात. प्रतिद्रव्ये डोक्यावर बसली तर बीजांडाचे कवच धरता येत नाही. शेपटीच्या टोकाला असली तर फारसे बिघडत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली शुक्रजंतूवरचे ‘इझुमो’ हे प्रथिन दाखवून दिले. त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये घालताच माणसाचे शुक्रजंतू कवच काढलेल्या हॅमस्टरच्या बीजांडाशी एकरूप होईनात. (इझुमो हे लग्ने जुळवणारे तिकडचे देवस्थान!)

मात्र प्रतिद्रव्ये असूनही बाप झालेले पुष्कळ आहेत. निम्म्याहून अधिक हलत्या जंतूंवर ती दिसली, तर डॉक्टर मनावर घेतात. शुक्रजंतू सुईने थेट बीजांडात सोडण्याची रीत १९९२ साली ब्रुसेल्सहून जाहीर झाली. ती कामगाराच्या खिशाला झेपत नाही. तपासणी मात्र झेपते.

आम्ही त्या सभासदाला म्हटले, “बाबा, आधी तू तपासून घे.” महिनाभर तो कचेरीकडे फिरकला नाही. मग आला आणि कागद टेबलावर ठेवला. जवळजवळ सगळे जंतू प्रतिद्रव्यांनी माखलेले होते. तो कागद त्याच्या आईला वाचून दाखवायला आम्ही त्याच्या घरी गेलो. बायको दारामागे उभी राहून ऐकत होती.