आवाज सोसेना तेव्हा

(महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी काही डॉक्टर नव्हे. परंतु गतवर्षी जे दुखणे मी भोगले, त्याविषयी आपल्या घरांतून इतके गैरसमज आढळतात की, स्वतःची फजिती सांगण्याचा संकोच मी आज बाजूस ठेवला आहे.

ज्येष्ठातील पहिल्या पावसाने ओल्या झालेल्या जिन्यावरून मी घसरले आणि डोके कठड्यावर आपटले. रक्ताचा थेंबही आला नाही. मात्र उलटी झाली म्हणून रुग्णालयात नेले. सीटी स्कॅन निर्दोष निघाले. यास ‘कन्कशन’ म्हणजे मेंदूस बसलेला हादरा म्हणतात, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याने मेंदूच्या कामात बिघाड होतो, पण स्कॅनच्या चित्रात तो बहुधा उमटत नाही. मग घरातल्या माणसांना तरी तो कसा दिसावा?

तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि मी कान झाकून मटकन खाली बसले. चाळीस वर्षे ज्या आवाजांत मी वावरले, ते भांड्यांचे, मिक्सरचे, उलथन्याचे आवाज आता सुरीसारखे टोचू लागले. मोठ्या आवाजापेक्षा अवचित आवाज अधिक छळी; आणि दूरदर्शन, नळ व गप्पा एकत्र आल्या की मस्तक भणभणे. नको असलेले आवाज मागे सारण्याचे काम निरोगी मेंदू आपल्या नकळत करतो. हादरलेल्या मेंदूस ते काही काळ जमत नाही. नणंदबाई म्हणाल्या, “वहिनींना आता कामाचा कंटाळा आलेला दिसतो.” तेही मी सोसले. पण एके दिवशी नातवाच्या हातून वाटी पडली आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की, दोन दिवस ते पोर माझ्या खोलीकडे फिरकले नाही.

त्यानंतर मी जे केले तीच माझी खरी चूक. दार लावून, कानांत दिवसभर बोळे घालून मी पंधरा दिवस पडून राहिले. सारे घर कुजबुजत बोलू लागले. परिणाम असा झाला की, शेवटी पंख्याची घरघरही मला सोसेना!

पुढील तपासणीत डॉक्टर रागावलेच. विश्रांती पहिले एकदोन दिवस, आणि तीही सक्त नव्हे. पुढे झेपेल तेवढा वावर हवा. कान सदा बंद ठेवले तर मेंदू बारीकसारीक आवाजही मोठा करून ऐकू लागतो. खेळाडूंच्या अशा दुखापतींविषयी २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे तज्ज्ञांची परिषद भरली होती. तिच्या २०२३ च्या निवेदनातही दीर्घकाळ निश्चल पडून राहण्याचा पुरस्कार नाही.

मग मी सकाळी पाच मिनिटे गॅलरीत बसू लागले. पुढे तंबोऱ्याचा मंद सूर, मग स्वयंपाकघरात एकच काम. डोके फार ठणकू लागले की थांबावयाचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ. बोळे फक्त बाजारात किंवा रिक्षात. सूनबाईने मिक्सरखाली जाड फडके घातले, पण त्याहून उपयोगी पडली ती तिची हाक : “आई, मिक्सर लावते हं.” आवाज तोच, पण सूचना मिळाली की निम्मी धास्ती जाई.

मात्र एक सांगून ठेवते. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, गुंगी, झटके, हातापायांत अशक्तपणा यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो; मला साडेतीन महिने लागले. मध्ये गणेशोत्सव आला. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. आमच्या गल्लीतील भिंतींना हे नियम कोणी वाचून दाखविले नसावेत! मी विसर्जनापुरती बहिणीच्या गावी गेले. आपल्या ज्ञातिगृहात मात्र कर्ण्याचा आवाज उतरवावा, ही विनंती मी कार्यकारिणीस केली आणि ती मान्य झाली, याबद्दल आभारी आहे.

नातवाला ढोलकीचा नाद आहे. माझ्या दुखण्यात ती खुंटीला टांगलेली होती. दसऱ्याच्या सुमारास तो दाराशी येऊन उभा राहिला. “आजी, वाजवू का?” मी म्हटले, “दहाच मिनिटे.” त्याने वाजविली, आणि मी घड्याळाकडे पाहावयाचे विसरले.