नेपथ्यशाळेतील सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी

नेपथ्य, वेशभूषा आणि पात्रांच्या हाती येणारी प्रॉपर्टी यांचे शिक्षण घेणाऱ्यांना सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी शिकवायची असेल, तर आरंभ सूत्रांपासून न करता नाटकातल्या प्रवेशापासून करणेच योग्य ठरते. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ठरवून दिलेल्या सूचनांप्रमाणे दिवे आणि मोटारी चालवणारा, एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक, अभियंता नसलेल्यांनाही हाताळता यावा, याच हेतूने २००५ साली इटलीतील इव्हरेआ येथे 'अर्डुइनो' हा बोर्ड आकाराला आला.

एखाद्या प्रवेशात कंदील हवा असतो; खरी ज्योत रंगमंचावर धोक्याची असते आणि स्थिर दिवा प्रेक्षकाला पटत नाही. अशा वेळी काचेआड पिवळा एलईडी बसवून तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला आणि चालू राहण्याचा काळ कमीअधिक केला, तर डोळ्यांना ज्योत मंद किंवा प्रखर होताना दिसते. मात्र हे बदल अनियमित असावे लागतात, कारण ठेक्यात फडफडणारी ज्योत लगेच खोटी वाटते. ओहमचा नियम शिकवण्याची जागा हीच: बोर्डाच्या पाच व्होल्टपैकी सुमारे दोन एलईडीवर खर्च होतात आणि उरलेले तीन २२० ओहमच्या रोधकावर पडून प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअरवर राहतो.

वेशभूषेत प्रश्न अधिक नाजूक होतो. लिया ब्यूकली यांनी घडवलेला, कापडावर शिवता येणारा 'लिलीपॅड' बोर्ड वीजवाहक दोऱ्याने जोडतात. हा दोरा पोलादी तंतूंचा किंवा चांदीचा मुलामा दिलेला असून त्याला तारेसारखे आवरण नसते. त्यामुळे नट बसला, वाकला की चुणीत दोन टाके एकमेकांना टेकून शॉर्ट सर्किट होते. ओळी दूर ठेवणे, मध्ये अस्तर घालणे, दोऱ्याची सुटी टोके आखूड कापणे हे शिवणकामाचेच कौशल्य आहे, आणि येथे वेशभूषेचा विद्यार्थी इलेक्ट्रॉनिकीच्या पदवीधराहून निश्चितच पुढे असतो.

बॅटरी कोठे दडवावी, हा प्रश्न तर जुनाच आहे: लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८२ साली 'आयोलँथी' या संगीतिकेतील पऱ्यांच्या केसांतले दिवे त्यांनी अंगावर बाळगलेल्या बॅटरीवरच लागत होते. म्हणून परीक्षेत दिवा लागला की नाही एवढेच न पाहता, विंगेतल्या अंधारात, नटाला अंगरखा उतरवायला न लावता, बॅटरी बदलता येते का, हेही तपासले पाहिजे.