‘द बेल जार’ आणि तिचे वाचक

सिल्व्हिया प्लाथ यांची ‘द बेल जार’ ही कादंबरी जानेवारी १९६३मध्ये लंडनला व्हिक्टोरिया ल्युकस या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. सुरुवातीची परीक्षणे बेताचीच होती. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला प्लाथ यांनी जीवन संपवले. १९६६मध्ये खऱ्या नावानिशी आवृत्ती निघाली आणि वाचक नायिका एस्थर ग्रीनवुडमध्ये लेखिकेलाच शोधू लागले. हा कादंबरीवर अन्यायच. तिच्यातला बोचरा विनोद त्यामुळे झाकोळला. प्लाथ यांच्या आईच्या विरोधामुळे अमेरिकेत कादंबरी १९७१ साली आली. स्त्रीमुक्ती चळवळ तेव्हा भरात होती, पुस्तक धडाक्याने खपले.

तरुण मुलींच्या मनात घर करून बसतो तो अंजिराच्या झाडाचा प्रसंग. फांदीफांदीवर वेगळे आयुष्य लगडलेले: कुठे नवरा-मुले, कुठे कविता, कुठे संपादकपद. एक निवडले की बाकीची गेली, म्हणून एस्थर उपाशीच बसते आणि फळे सुरकुतून, काळी पडून गळतात. विजेच्या झटक्यांच्या उपचाराचे वर्णन तर अंगावर येते. नैराश्य भोगलेल्या कित्येकांना त्यात आपलीच अवस्था सापडली. अलीकडचे वाचक मात्र इस्पितळातल्या कृष्णवर्णीय सेवकाच्या वर्णनातल्या वर्णद्वेषावर बोट ठेवतात, आणि ते रास्तच आहे.