वैमानिकाची परीक्षा : आपल्याकडची आणि अमेरिकेतली



आजकाल गावातली मुलगीही म्हणते, ‘मला पायलट व्हायचंय.’ ऐकून आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो, कारण खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात, कधी त्याहून जास्त. त्यात कोणी एजंट येऊन सांगतो, ‘अमेरिकेला पाठवा, वर्षात पायलट होऊन येईल.’ घरात जमीन विकायची बोलणी सुरू होतात. म्हणून आज आपण समजून घेऊ, आपल्या देशात वैमानिकाची परीक्षा कशी होते, अमेरिकेत कशी होते, आणि आयांनी पैसे भरण्याआधी काय विचारावं.

आपल्याकडे हे काम डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, बघतं. अमेरिकेत एफएए नावाचं सरकारी खातं बघतं. १९४४ साली शिकागोत झालेल्या करारातून जगाचे सामाईक नियम आले, त्यामुळे दोन्हीकडचा पाया बराचसा एक आहे. पगार घेऊन विमान चालवायचं तर व्यावसायिक परवाना लागतो, त्याला म्हणतात सीपीएल. दोन्ही देशांत त्यासाठी वय १८ पूर्ण लागतं. दोन्हीकडे एक लांबचा प्रवासही करावा लागतो, ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा, वाटेत वेगवेगळ्या विमानतळांवर उतरत.

फरक पुढे सुरू होतो. आपल्याकडे आधी शिक्षण विचारतात. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत, अशी अट आजवर चालत आली आहे. आर्ट्स किंवा कॉमर्सच्या मुलींनी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून दिलेले चालतात. ही अट सैल करावी अशी चर्चाही झाली आहे, म्हणून प्रवेशाच्या वेळी ताजा नियम बघून घ्या. अमेरिकेत बारावीचे विषय कोणी विचारत नाही. इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता आणि समजता आलं पाहिजे, एवढीच अट.

लेखी परीक्षा बघा. आपल्याकडे डीजीसीएचे वेगवेगळे पेपर असतात : दिशा आणि मार्ग काढणं, हवामान, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येकात ७० टक्के हवेत. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. अमेरिकेत सीपीएलसाठी पर्याय निवडायचा एकच पेपर, पास व्हायला तिथेही ७० टक्केच. पण खरा कस पुढे लागतो. एफएएने नेमलेला परीक्षक उमेदवाराला समोर बसवून तोंडी प्रश्न विचारतो, ‘हे बिघडलं तर काय करशील? असे ढग दिसले तर निघशील का?’ त्यात समाधान झालं तरच तो तिच्याबरोबर विमानात बसतो. आपल्याकडेही परीक्षकासमोर उड्डाण करून दाखवावंच लागतं, पण मुलींची जास्त धास्ती त्या पेपरांचीच असते.

आता तास. सीपीएलला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. अमेरिकेत साधारण २५०, आणि खास मान्यता मिळालेल्या शाळेत शिकलं तर १९०. पण प्रवासी विमान कंपनीत बसायला दोन वाटा पार वेगळ्या होतात. आपल्याकडे सीपीएल मिळवून, त्या मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घेऊन मुलगी सहवैमानिक होऊ शकते. अमेरिकेत त्यासाठी साधारण १५०० तास लागतात, विमानचालनाची पदवी घेतलेल्यांना आणि सैन्यातून आलेल्यांना सूट असते.

हा १५०० चा आकडा आला कुठून? फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान घरावर कोसळलं. विमानातली ४९ माणसं आणि घरातलं एक माणूस, अशी ५० माणसं गेली. मेलेल्यांच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. त्यांच्या रेट्याने २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून नियम लागू झाला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या विमानातल्या दोघाही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते. विमानाचा वेग फार कमी झाल्याचा इशारा मिळाला, तेव्हा कॅप्टनने नेमकं उलट केलं. त्याआधीच्या काही चाचण्यांत तो नापासही झाला होता. म्हणजे तास भरले म्हणून हात बसला, असं होत नाही.

आपल्याकडचीही गोष्ट आहे. २०११ मध्ये काही वैमानिकांनी परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचं उघड झालं. अटका झाल्या, परवाने तपासले गेले. वैमानिकाच्या उड्डाणांची नोंद एका वहीत असते, तिला लॉगबुक म्हणतात. आपल्या गटाची वही असते ना, तशीच. बैठक झाली नाही आणि सह्या झाल्या, तर गट बुडतो. उड्डाण झालं नाही आणि तास लिहिले, तर माणसं मरतात.

म्हणून मैत्रिणींनो, एजंटला आणि शाळेला हे विचारा. शाळेला डीजीसीएची मान्यता आहे का? डीजीसीए उड्डाण शाळांना श्रेणीही देतं, ती कोणती? चालू स्थितीतली विमानं किती आणि शिकवणारे किती? २०० तास पूर्ण व्हायला मागच्या मुलांना खरोखर किती महिने लागले? पैसे एकरकमी घेता की उड्डाणाप्रमाणे? अर्ध्यावर सोडलं तर परत काय मिळेल?

सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे आधी क्लास टू, मग क्लास वन. फी त्यानंतर भरा. डोळ्यांत किंवा कानात अडचण निघाली तर लाखो रुपये वाचतील.

आणि अमेरिकेत पाठवायचंच असेल तर हे पक्कं ध्यानात ठेवा : तिथला परवाना घेऊन आली म्हणून इथे लगेच नोकरी लागत नाही. इथले नियमांचे पेपर द्यावे लागतात, इथली वैद्यकीय तपासणी आणि उड्डाण चाचणी व्हावी लागते, तेव्हा भारतीय परवाना मिळतो. त्याचा वेळ आणि पैसा हिशोबात आधीच धरा. आपल्याकडे बारामतीत आणि गोंदियाजवळ बिरसीलाही उड्डाण शिकवतात. आधी तिथे जाऊन बघून या.

हे सगळं मुलीला मागे ओढायला सांगत नाही आम्ही. सरला ठकराल यांनी १९३६ साली साडी नेसून विमान उडवलं. सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कॅप्टन म्हणून असं विमान नेलं, ज्यात सगळे कर्मचारी बायकाच होत्या. मुलीला आकाश द्यायचंच. फक्त सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचा, नाही कळला तर गटात वाचून घ्या.