यंत्राच्या पोटांतील यंत्र

एखाद्या कचेरींत संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या कामावर नवा तरुण रुजू होतो. काम पहिल्याच दिवशीं सांगितलें जातें. परंतु त्यास हात लावण्यापूर्वीं त्याच्या लॅपटॉपवर डेटाबेस हवा, वेब सर्व्हर हवा, भाषेची ठराविक आवृत्ति हवी. शेजारचा जुना सहकारी आठवेल तसें सांगत जातो. दोन दिवस असेच जातात. तिसऱ्या दिवशीं आज्ञावली चालूं लागते, आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर जातांच कोलमडते. “माझ्या संगणकावर तर चालत होती,” हें तरुणाचें उत्तर अगदीं खरें असतें; पण त्याचा कोणालाहि उपयोग नसतो. दोन्ही यंत्रें बाहेरून सारखीं दिसलीं तरी आंतून सारखीं नव्हतीं, हें त्याचें कारण. हा घोटाळा टाळण्याचा मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात् यंत्राच्या पोटांतील यंत्र.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रांत रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी यांनीं सीपी-४० नांवाची व्यवस्था सिद्ध केली आणि १९६७ च्या जानेवारींत ती नित्याच्या वापरांत आली. संगणक एकच; पण त्यावर चौदा स्वतंत्र यंत्रें एकाच वेळीं चालत आहेत, असा अनुभव काम करणाऱ्यांस येई. घरगुती संगणकावर ही सोय व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ मध्यें आणली. पुढें २००५ व २००६ या वर्षीं इंटेल आणि एएमडी यांनीं प्रोसेसरमध्येंच तिला पूरक रचना केली, त्यामुळें तिचा वेग वाढला. २००७ मध्यें व्हर्च्युअलबॉक्स आलें आणि विद्यार्थ्यांसहि ती सुलभ झाली.

जुन्या वाड्याचें उदाहरण घेतलें तर हें चटकन् ध्यानांत येईल. जमीन एक, विहीर एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी व दाराची कडी वेगळी. कोणास किती जागा द्यावयाची हें वाड्याचा मालक ठरवितो. संगणकांत हें काम हायपरव्हायजर नांवाची आज्ञावली करते. मूळ यंत्र यजमान आणि आंतलें यंत्र पाहुणा. पाहुण्यास स्मृति, प्रोसेसर व डिस्क यांचा वांटा नेमून द्यावा लागतो. यजमानाजवळ आठ गिगाबाइट स्मृति असल्यास पाहुण्यास दोन देणें योग्य. सात दिल्यास यजमानच उपाशी राहील आणि मग दोघांचेंहि काम अडेल. २०१३ मध्यें आलेल्या डॉकरमुळें कंटेनर लोकप्रिय झाले. त्यांत बिऱ्हाडें वेगळीं असलीं तरी चूल, म्हणजे कर्नल, सामायिक असते. ते हलके असतात. परंतु निराळी ऑपरेटिंग सिस्टिमच हवी असेल तेथें पुरें यंत्रच लागतें.

रिकामें बिऱ्हाड मिळालें म्हणजे संसार थाटला असें नव्हे. भांडींकुंडीं लावावीं लागतात. त्यासच प्रोव्हिजनिंग म्हणतात. हें काम हातानें केलें तर पहिल्या तरुणाचीच गत पुन्हां होते. मिचेल हाशिमोटो यांनीं २०१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या व्हेग्रंट या साधनानें येथें मोठी सोय केली. रुबी भाषेंत लिहिलेल्या एका लहानशा फाइलींत सारा तपशील नोंदवावयाचा: मूळ सांचा कोणता, स्मृति किती, पाहुण्याचा ८० क्रमांकाचा पोर्ट यजमानाच्या ८०८० वर कसा जोडावयाचा, आणि कोणती स्क्रिप्ट चालवावयाची. मग ‘व्हेग्रंट अप’ एवढी एकच आज्ञा दिली कीं यंत्र उभें राहतें. स्क्रिप्ट पहिल्या उभारणीच्या वेळीं आपोआप चालते. पुढें तींत बदल केल्यास ‘व्हेग्रंट प्रोव्हिजन’ ही आज्ञा द्यावी लागते. हें न जाणल्यामुळें अनेकांचे तास वायां जातात.

स्क्रिप्ट कशी लिहावी, यालाहि एक मर्म आहे. “चहांत दोन चमचे साखर घाला,” ही आज्ञा दोनदां पाळली तर चहा गोडमिट्ट होतो. “चहांत दोन चमचे साखर असावी,” असें सांगितलें तर ती कितीदांहि पाळली तरी बिघडत नाहीं. पपेट, अ‍ॅन्सिबल इत्यादि साधनांचा भर या दुसऱ्या रीतीवर आहे.

कांहीं पथ्यें पाळणें अवश्य आहे. प्रत्येक साधनाची आवृत्ति आंकड्यानिशीं लिहावी. “नवींतली नवी” असें लिहिल्यास आजचें यंत्र व सहा महिन्यांनंतरचें यंत्र यांत अंतर पडतें. पासवर्ड या फाइलींत कदापि लिहूं नये. फाइल सर्वांच्या हातीं जाते, आणि नंतर पासवर्ड खोडला तरी जुन्या आवृत्त्यांत तो उरतो. यजमानाशीं सामायिक असलेल्या फोल्डरमधील मजकूर पाहुणा नष्ट केला तरी राहतो, पण पाहुण्याच्या पोटांतील डेटाबेस त्याजबरोबर जातो, हेंहि विसरूं नये. तसेंच २०२० पासून अ‍ॅपलच्या संगणकांत आर्म पद्धतीचे प्रोसेसर आले. इंटेलसाठीं केलेला सांचा त्यांवर तसाच चालत नाहीं.

या साऱ्याची कसोटी मात्र एकच. ठरावीक दिवशीं यंत्र मुद्दाम पुसून टाकावें आणि लिहिलेल्या फाइलीवरून पुन्हां उभें करावें. तें उभें राहिलें नाहीं, तर कांहीं तरी कोणाच्या डोक्यांतच राहिलें आहे, कागदावर आलेलें नाहीं, असें समजावें. जुना सहकारी एके दिवशीं नोकरी सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर तें ज्ञानहि जातें. मागें राहिलेल्यांपाशीं चालतें यंत्र असतें, पण तें बंद पडल्यास पुन्हां कसें उभारावें हें कोणासच ठाऊक नसतें. घरोघरच्या मसाल्यांचें असेंच झालें आहे: आजी गेली, आणि तिच्या हातची चव परत आली नाहीं. यंत्राच्या बाबतींत तरी हा तोटा सोसण्याचें कारण नाहीं. जो जाणतो त्यानें तें वेळेवर लिहून ठेवावें, आणि लिहिलेलें खरें आहे कीं नाहीं, हें तो कामावर असतांनाच पडताळून पाहावें.