यंत्रातले ज्ञान कोणाचे?



नवे यंत्र आले की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, नोकरी गेली. दुसरा म्हणतो, काळाची पावले ओळखा. मी वेगळाच प्रश्न विचारतो. यंत्रात जे ज्ञान घातले जाते, ते येते कोठून?

टपाल खात्याचेच घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृतचे विद्वान होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपींतले पत्ते, न लागणारे अक्षर, हे सारे तोवर आर.एम.एस.चा सॉर्टर पाठांतराच्या बळावर सोडवीत असे. पिनकोडाने हे काम सहा आकड्यांत बसवले. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही, कामाची जाण लागली. आज घरपोच माल पाठवणाऱ्या खाजगी कंपन्याही तोच पिनकोड वापरतात. सार्वजनिक खात्याच्या ज्ञानावर खाजगी व्यापार चालतो, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

रेल्वेतही तेच झाले. १९८६ साली दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. कोटा, प्रतीक्षा यादी हे हिशेब त्याआधी आरक्षण कारकून रजिस्टरात हाताने ठेवीत. तेच संगणकात गेले. २००२ मध्ये तिकीट इंटरनेटवर आले. प्रवाशाची रांग वाचली, हे चांगलेच झाले. पण खिडकीमागच्या माणसाला पुढचे काम कोणी शिकवायचे? जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. एकच कसब जन्मभर पुरत नाही, हा त्यातला धडा आहे.

दुसरी बाजूही पाहा. रुळातला तडा ध्वनिलहरींचे यंत्र दाखवते. पण पहिल्या पावसात भराव नेमका कोठे खचतो, हे रोज ती बीट चालणारा कीमन जाणतो. तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी माणसांकडून ते पुन्हा उभे राहत नाही. त्याची किंमत प्रवाशाला जिवाने मोजावी लागू शकते.

म्हणून आपल्या मागण्या तीन. यंत्र आणण्यापूर्वी ते चालवणाऱ्यांशी चर्चा करा. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत आणि कामगाराला समजणाऱ्या भाषेत द्या. जुना माणूस निवृत्त होण्यापूर्वी नव्याला त्याच्या हाताखाली नेमा.

आणि एक काम आपले स्वतःचे. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ अभ्यासवर्गाला द्यावी. जुन्यांनी सांगावे, नव्यांनी वहीत उतरवावे. ज्ञान आपल्या हाती राहिले, तरच वाटाघाटीच्या टेबलावर आपल्या शब्दाला वजन राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!