शुद्धलेखनाची चूक आणि माणसाची किंमत

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात इंझोरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ दिले, पेढे वाटले. हे झालेच पाहिजे. परंतु दरवर्षी अशा कार्यक्रमात काही मुले मंडपाच्या मागच्या खांबाजवळ उभी असतात. त्यांना सगळे समजते, तोंडी विचारले तर उत्तरही येते, पण वहीत लिहायला बसले की शब्द फुटतात, वेलांट्या पळतात, उकार हरवतात. वही उघडली की लाल शाई, आणि लाल शाईमागून हसू. आज आम्ही बोलणार आहोत ते या मुलांविषयी आणि त्या हसण्याविषयी.

आमची नोकरी बँकेतली. काउंटरवर बसले की माणसाचे अक्षराशी असलेले नाते रोज दिसते. अंगठा लावणारा म्हातारा निर्धास्त असतो, कारण त्याच्याकडून कोणी लिहिण्याची अपेक्षाच करीत नाही. खरी पंचाईत होते ती चार वर्ग शिकलेल्या माणसाची. त्याला लिहिता येते, तरी तो स्लिप पुढे सरकवून म्हणतो, "साहेब, तुम्हीच भरून द्या ना." पंचेचाळीस हा शब्द अक्षरी लिहायचा म्हटला की त्याचा हात थांबतो. कधीतरी, कुठेतरी, त्याच्या लिहिण्याला कोणीतरी चारचौघांत हसलेले असते. शाळा सुटून तीस वर्षे झाली तरी ते हसू सुटलेले नसते.

मित्रांनो, लिहिण्यातल्या चुका सगळ्या एका जातीच्या नसतात. हे ओळखले तरच उपाय सापडतो. आपल्या भागात त्या तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार बोलीचा. आपण वऱ्हाडी माणसे. 'पाणी' आपल्या तोंडात 'पानी' होते, 'डोळा' 'डोया' होतो, 'मला' 'मले' होते, 'वीस' 'ईस' होतात. तांड्यावरच्या मुलाच्या घरात तर गोरमाटी बोलली जाते, त्याला मराठी हीच शाळेत आल्यावर शिकावी लागणारी भाषा. मूल जसे बोलते तसे लिहिते. त्याच्या कानात 'न' आहे, म्हणून वहीत 'न' आला. त्याने ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले.

दुसरा प्रकार सरावाच्या अभावाचा. घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, आई-बाप सोंगणीला नाहीतर कापूस वेचायला गेलेले. त्या मुलाला वाचायला मिळाले की चुका हळूहळू कमी होतात.

तिसरा प्रकार मात्र सराव करूनही सहज न जाणारा. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. सरकारी कागदावर 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हा शब्द आढळतो, त्यात हा मोडतो. हा बुद्धीचा दोष नव्हे, डोळ्यांचा आजार नव्हे आणि आळस तर मुळीच नव्हे. शब्दातले आवाज सुटे करणे आणि त्या आवाजांची अक्षरांशी जोडी लावणे, हे काम मेंदूत इतरांसारखे सहज होत नाही. बहुधा हे घराण्यातून येते. बापाला होते, मुलात उतरले, असे पुष्कळदा दिसते. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. तो मुलगा इतर विषयांत चलाख, पण वाचन-लेखनात अडत असे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी ओळखलेली ही गोष्ट आपल्याकडे अजूनही 'ढ' या एका अक्षरात संपवली जाते!

आपल्या देवनागरीत या मुलाची अडचण कशी होते ते पाहा. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व ही अक्षरे दिसायला जवळची. जोडाक्षरात अर्धे अक्षर कोणते ते ठरवावे लागते. आणि पहिली वेलांटी तर विचारूच नका! 'कि' म्हणताना आधी क येतो, मग इ येते, पण लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते. कानाचा क्रम एक, हाताचा क्रम दुसरा. इंग्रजीत तर याहून कठीण. 'नाइफ' लिहिताना आरंभी 'के' लिहायचा आणि म्हणायचा मात्र नाही. मराठी अक्षरे बरीचशी उच्चाराप्रमाणे चालतात, त्यामुळे असा मुलगा मराठी कसेबसे, सावकाश वाचून जातो आणि इंग्रजीत एकदम अडतो. मग लोक म्हणतात, "मराठी येते, इंग्रजीच येत नाही, म्हणजे अभ्यास करीत नाही." पहिल्यापासून अडचण होतीच, ती तिथे उघडी पडली एवढेच.

आता नियमांबद्दल. आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो ते काही आकाशातून पडलेले नाही. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, ते शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यात चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्याआधी 'नांव', 'पांच' असे अनुस्वार देऊन लिहिणे बरोबर होते, 'कवि', 'गुरु' हे ऱ्हस्व लिहिणे बरोबर होते. आज शाळेत तसे लिहिले तर गुण कापतील. मग १९६२ पूर्वी लिहिणारे सारे विद्वान अडाणी होते काय? नियम ही माणसांनी एकत्र येऊन केलेली सोय आहे. सोय म्हणून ती पाळावी, पण तिची काठी करून कोणाच्या पाठीत घालू नये.

आणि 'शुद्ध-अशुद्ध' हे शब्द तर आपल्या समाजाला फार जुने ओळखीचे आहेत. कोणाचा स्पर्श शुद्ध, कोणाची सावली अशुद्ध, हे ठरवणाऱ्यांनीच बोलण्याचीही तशी वाटणी केली होती. म्हणून आज पुष्कळ भाषाअभ्यासक 'शुद्धलेखन' ऐवजी 'प्रमाणलेखन' म्हणतात. हा शब्द आम्हाला अधिक न्यायाचा वाटतो. प्रमाण म्हणजे सर्वांनी मान्य केलेले माप. मापात कमी-जास्त होईल, पण त्याने कोणी विटाळत नाही.

लिहिण्याला हसण्याचे सर्वांत मोठे उदाहरण महात्मा जोतीराव फुल्यांचे आहे. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. त्या मालेत त्यांनी जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. जोतीरावांना डिस्लेक्सिया होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ते लोकांच्या बोलीत लिहीत होते. पाहण्यासारखी गोष्ट अशी की, शेतकरी का नागवला जातो, शूद्रातिशूद्रांना विद्या का नाकारली, हा त्यांचा प्रश्न होता, आणि टीकाकार मोजत होते व्याकरणाच्या चुका. प्रश्नाला उत्तर द्यायचे नसले की माणूस प्रश्नाचे व्याकरण तपासू लागतो. जोतीरावांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ याच जोतीरावांना अर्पण केला. व्याकरण मोजणाऱ्यांचे हिशेब मागे राहिले, प्रश्न पुढे आला.

भगवान बुद्धांपुढेही अशी तक्रार आली होती. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती कथा आहे. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू, वाणीने सुसंस्कृत, तथागतांकडे आले. नाना कुळांतले, नाना गोत्रांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदोबद्ध भाषेत बसवावे, अशी त्यांची सूचना होती. बुद्धांनी ती नाकारली, त्यांनाच समज दिली आणि ज्याने त्याने आपापल्या बोलीत शिकावे अशी परवानगी दिली.

चुल्लपंथकाची कथा तर आपण वर्षावासात ऐकतोच. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावानेच त्याला विहार सोडायला सांगितले. बुद्धांनी त्याला गाथा पुन्हा घोकायला लावली नाही, हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत राहायला सांगितले. फडके मळत गेले तसे त्याला अनित्य कळले आणि तो अर्हत झाला. शिष्य तोच, शिकवण तीच, रीत तेवढी बदलली. शिक्षकांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

परंतु आम्ही बँकेतले लोक, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नियम नकोतच, कसेही लिहा, असे आम्ही म्हणणार नाही. शाळेच्या दाखल्यावर 'वानखडे', आधारवर 'वानखेडे' आणि पासबुकावर तिसरेच काही असले की मुलाच्या शिष्यवृत्तीचे घोडे अडते. एका मात्रेने महिनोन्महिने चकरा पडतात. म्हणून महत्त्वाचा कागद दोघांनी तपासावा, अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. मदत मागण्यात कमीपणा नाही. मोठमोठ्या लेखकांची पुस्तकेसुद्धा मुद्रितशोधक तपासतो, मग आपल्याला लाज कसली?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

चूक सांगणारा आणि चुकीला हसणारा, हे दोघे वेगळे ओळखा. "इथे ण पाहिजे" असे जो शेजारी बसून हळूच सांगतो तो मित्र. त्याचा राग धरू नका. जो चारचौघांत वही उंच धरून वाचतो त्याला तुमच्या लेखनाची काळजी नसते. त्याच्यापुढे रडू नका, भांडूही नका. शांतपणे एवढेच म्हणा, "लिहिताना मले अडचण येते. मुद्दा समजला का, ते सांग." त्याने मुद्दा समजून घेतला तर बोलणे पुढे जाईल. नाही घेतला, तर लाज कोणाची ते ऐकणाऱ्यांना कळेल.

आधी मुद्दे लिहा, चुका नंतर पाहा. दोन्ही कामे एकदम करायला गेलात तर विचार तुटतो. लिहिलेले दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा, डोळ्याला न दिसलेली चूक कानाला लागते. आपण नेहमी चुकतो असे वीस शब्द एका कागदावर काढा आणि आठवड्याला पाचच शब्द घ्या. बोटाने मातीत गिरवा, तोंडाने म्हणत गिरवा. इंग्रजी शब्द तोडून शिका. आता मोबाईलमध्ये बोललेले लिहून देणारी सोयही आहे, ती वापरणे ही लबाडी नाही. चष्मा लावणाऱ्याला कोणी लबाड म्हणते काय?

पालकांनो, गुरुजनांनो, शंभर वेळा लिहायला लावू नका. चुकीचा शब्द शंभर वेळा लिहिला तर तोच पक्का होतो. मुद्द्याचे गुण वेगळे द्या, लेखनाचे वेगळे. सगळी वही लाल करू नका, एका वेळी दोन-तीन चुका दाखवा. वर्गापुढे वाचून दाखवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणेच नव्हे, तर त्याचा मानसिक छळ करणेही मना आहे, हे लक्षात असू द्या.

कायदा आणखीही देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यातील २१ दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. साधारण तिसरीच्या सुमारास, मूल आठ वर्षांचे झाले की तपासणी करता येते. शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांकडून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्याला जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सवलत मिळते. मात्र अर्ज शाळेमार्फत, वेळेत करावा लागतो. प्रमाण किमान ४० टक्के असेल तर उच्च शिक्षणात राखीव जागा आहेत आणि सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांमध्येही हा गट येतो. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, २००७ साली 'तारे जमीन पर' चित्रपटाने ही गोष्ट घरोघरी नेली. शहरातले पालक या सवलती घेतात. आपल्याकडे मात्र मूल नववीत नापास होते, शाळा सोडते आणि ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाते. त्याच्या दाखल्यावर कारण लिहिलेले असते, 'अभ्यासात गती नाही'. खरे कारण कोणी तपासलेलेच नसते. ही हानी एका घराची नाही, समाजाची आहे.

अमेरिकेतील कॅरोल ग्रायडर या बाईंना २००९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना डिस्लेक्सिया आहे. लहानपणी स्पेलिंगसाठी त्यांना वेगळ्या वर्गात बसवले जाई आणि आपण मूर्ख आहोत असे त्यांना वाटे. प्रत्येक मुलाला नोबेल मिळेल असे नाही. पण आपण मूर्ख नाही, एवढे तरी प्रत्येक मुलाला कळले पाहिजे.

शेवटी संस्थेला आमची एक विनंती आहे. दर रविवारी विहारात अभ्यासिका भरते, तिथे अर्धा तास अशा मुलांसाठी ठेवावा. वाचून दाखवायला एक मोठा विद्यार्थी, ऐकायला चार मुले. खर्च काही नाही. आणि तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे झाल्यास मजूर पालकाची त्या दिवशीची मजुरी बुडते, ती संस्थेने द्यावी. पुढच्या वर्षीच्या गुणगौरवाच्या यादीत अशा एका मुलाचे नाव 'उत्तम वक्ता' किंवा 'उत्तम चित्रकार' म्हणून यावे. नाव लिहिताना मात्र वेलांटी-उकार आपण तपासून लिहू, कारण नाव त्याचे आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!